शिळाछापाचं घर: राहत्या घराचं चित्रसंग्रहालय होताना

हे प्रकरण एका कुटुंबाचं आणि त्यांच्या घराचं आहे. ओळख पटेल असे सगळे तपशील काढले आहेत; घटनांचा क्रम, घेतलेले निर्णय आणि झालेल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. मी या कामात जतन-सल्लागार म्हणून पहिल्या बैठकीपासून होते. पुढे ज्या चुकांबद्दल लिहिलं आहे, त्यातल्या दोन माझ्या सहीनं झालेल्या आहेत.

## पार्श्वभूमी

घर तीन मजली. विटांच्या जाड भिंती, त्यावर चुन्याचा गिलावा, लाकडी तुळया, लाकडी जमिनी. वय सव्वाशे वर्षांच्या आसपास. आजच्या पिढीच्या आजोबांनी या घराच्या तळमजल्यावर अनेक वर्षं शिळाछापाचा छापखाना चालवला. वर कुटुंब राहायचं, खाली यंत्रं चालायची.

घरात एवढी चित्रं का जमली हे कळायला शिळाछापाचं तंत्र थोडं माहीत हवं. १७९६ साली बव्हेरियात आलॉइस सेनेफेल्डरनं ही पद्धत शोधली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर ती उभी आहे. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूनं चित्र काढायचं, शिळा ओली करायची आणि शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त चित्राच्या रेषेला धरते. अशी उत्तम शिळा मिळायची ती बव्हेरियातल्याच झोल्नहोफेनच्या खाणीतून. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागते. एका रंगीत चित्रासाठी आठ-दहा शिळा, आणि प्रत्येक रंग चढला की एक कच्ची प्रत. त्या कच्च्या प्रती तपासायला चित्रकार स्वतः घरी यायचे, जेवायला थांबायचे, कधी मुक्कामही करायचे. मूळ चित्रं मागे राहायची, काही आजोबा विकत घ्यायचे, काही भेट मिळायची.

मोजणी झाली तेव्हा आकडा निघाला ४१२. त्यात ६४ तैलचित्रं, बाकी सगळं कागदावरचं: जलरंग, रेखाटनं, कच्च्या प्रती. शिवाय ४३ शिळा. माझ्या मते संग्रहाचा जीव त्या कच्च्या प्रतींत आहे. एका देखाव्याच्या सात प्रती एकापाठोपाठ ठेवल्या तर आकाश कसं कसं भरत गेलं ते दिसतं. पाचव्या प्रतीच्या समासात पेन्सिलीनं लिहिलंय, ‘निळा अजून कमी’. सहाव्या प्रतीतलं आकाश खरंच फिकं झालंय, पण त्याखाली पुन्हा तीच अक्षरं आहेत, या वेळी ‘अजून’ला खाली दोन रेघा. चित्रकार आणि छपाई करणारा माणूस यांच्यातलं बोलणं इतकं जवळून क्वचितच ऐकायला मिळतं.

आजोबांना दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगे आता हयात नाहीत. मुलगी, जिला घरात सगळे आत्या म्हणतात, ऐंशी ओलांडलेली, घराच्या मागच्या तीन खोल्यांत राहते. तिसऱ्या पिढीत पाच चुलत भावंडं. दोघं गावातच, तिघं बाहेर.

## अडचण

सुरुवात गळक्या छपरापासून झाली. वरच्या मजल्यावरच्या एका जलरंगावर पाण्याचा ओघळ आला आणि भावंडं पहिल्यांदा एकत्र बसली. छपराचा खर्च कोणी करायचा यावरून घर कोणाचं, आणि घर कोणाचं यावरून चित्रं कोणाची, असे प्रश्न एकामागून एक निघत गेले. आजोबांच्या मृत्युपत्रात घराची वाटणी होती. चित्रांबद्दल ‘घरातील सामानसुमान’ एवढेच दोन शब्द.

दुसरी अडचण कोणाच्या लक्षात आली नव्हती आणि मलाही ती पुरेशी गंभीरपणे घ्यायला उशीर झाला. घराच्या गरजा आणि चित्रांच्या गरजा एक नव्हत्या. चुन्याची भिंत श्वास घेते: पावसाळ्यात ओल धरते, नंतर सोडते. तिला वारा हवा, उघड्या खिडक्या हव्यात. कागदाला आणि कॅनव्हासला मात्र स्थिर हवा लागते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला वाट मिळते. वर-खाली होत राहिली की कॅनव्हास सैलावतो, ताणतो आणि रंगाला चिरा जातात. माणसं राहत होती तोवर हे दोन्ही कसंबसं जमून गेलं होतं, कारण सकाळी खिडक्या उघडणारं आणि पाऊस आला की लावणारं कोणीतरी घरात होतं.

## समोरचे पर्याय

चार पर्याय टेबलावर आले.

घर आणि चित्रं विकून वाटणी करायची, हा सगळ्यात सोपा. बाहेरच्या तिघांपैकी दोघांना तो मान्य होता, आणि त्यांना लोभी म्हणणं अन्यायाचं ठरेल. ज्या घरात आपण कधी राहिलोच नाही त्याचं छप्पर दर काही वर्षांनी दुरुस्त करत राहायचं, हे ओझं खरं आहे.

चित्रं एखाद्या मोठ्या सार्वजनिक संग्रहालयाला देऊन टाकायची, हा दुसरा. तसं विचारूनही पाहिलं. त्यांना चाळीसेक चित्रं हवी होती. कच्च्या प्रती आणि शिळा नकोत. त्यांच्या बाजूनं ते रास्तच होतं, कारण संग्रहालयांकडे जागा नेहमी कमीच असते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं उदाहरण मी भावंडांपुढे ठेवलं. दिनकर केळकरांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावानं उभा केलेला तो संग्रह राज्य सरकारकडे सोपवला. वीस हजारांच्या आसपास वस्तू, आणि त्यातला छोटा हिस्साच एका वेळी मांडलेला असतो. तरी तो संग्रह फुटला नाही, एकत्र राहिला. आमच्यासमोर आलेला प्रस्ताव संग्रह फोडण्याचा होता. तो नाकारला, आणि तो नकार मला आजही बरोबर वाटतो.

तिसरा पर्याय: संपूर्ण घराचं संग्रहालय, रोज उघडं, तिकीट लावून. चौथा: पुढचा भाग संग्रहालय, मागे आत्याचं राहणं तसंच, आणि लोकांनी आधी वेळ ठरवून छोट्या गटांत यायचं.

तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायातलं भांडण लांबलं, कारण त्यात आत्याचा प्रश्न होता. थोरल्या भाच्याचं म्हणणं, आत्यासाठी जवळच चांगली जागा बघू, तिला जिने नकोत, धूळ नको. हे प्रेमापोटीच होतं. पण राहत्या घराचं संग्रहालय होताना माणसं आधी बाहेर काढलीच पाहिजेत असं नाही. न्यूयॉर्कमध्ये चित्रं जमवणारा उद्योगपती हेन्री क्ले फ्रिक १९१९ साली गेला; त्याची पत्नी ॲडलेड १९३१पर्यंत, म्हणजे तिच्या मृत्यूपर्यंत, त्याच घरात राहिली आणि मगच ते १९३५ साली लोकांसाठी उघडलं. वॉशिंग्टनच्या डंकन फिलिप्सनं १९२१ साली स्वतःच्या राहत्या घरातल्या खोल्या लोकांना खुल्या केल्या. कुटुंब बाहेर पडलं ते १९३० साली. पेगी गुगेनहाइमनं व्हेनिसमधल्या आपल्या घरात राहूनच १९५१पासून संग्रह लोकांना दाखवला. हे मी बैठकीत सांगितलं. आत्या सगळं ऐकत होती. म्हणाली, “मला कुठे न्यायचं ते नंतर ठरवा. आधी मला विचारायचं की नाही ते ठरवा.”

चौथा पर्याय त्याच बैठकीत ठरला.

## निर्णय पहिला: न्यासपत्रात काय लिहायचं

न्यास (ट्रस्ट) करायचं ठरल्यावर कुटुंबानं आग्रह धरला की ‘घरातील मांडणीत कधीही बदल करू नये’ असं कलम घालायचं. भावना समजण्यासारखी होती. तरी मी विरोध केला.

अशा कलमांचा इतिहास बोलका आहे. बोस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनरनं १९०३ साली आपली इमारत लोकांना खुली केली आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं की मांडणीत मोठा बदल केला तर सगळं हार्वर्ड विद्यापीठाकडे जावं. १९९० साली तिथून १३ कलाकृती चोरीला गेल्या, आणि त्यांतल्या चित्रांच्या रिकाम्या चौकटी आजही त्याच जागी लटकतात. वाढत्या गर्दीचा भार जुन्या इमारतीवरून उतरवायला त्यांना २०१२ साली शेजारी नवी इमारत बांधावी लागली. अमेरिकेतल्याच आल्बर्ट बार्न्स या चित्रसंग्राहकानं तर चित्रं जागची हलू नयेत अशा अटी घातल्या होत्या. तो १९५१ साली गेला, पुढे संस्थेला पैसे पुरेनात, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१२ साली सगळा संग्रह फिलाडेल्फियातल्या नव्या इमारतीत हलला. भिंतींवरची मांडणी तशीच ठेवली, पण घर बदललं. उलट लंडनच्या जॉन सोन या वास्तुरचनाकारानं आपल्या घरासाठी आणि संग्रहासाठी हयातीतच, १८३३ साली, संसदेचा कायदा करून घेतला, आणि त्यात शब्द होते ‘शक्य तितकं’ तसंच ठेवावं. या ‘शक्य तितकं’मध्ये पुढच्या माणसांना श्वास घ्यायला जागा आहे.

शेवटी कलम असं झालं: खोल्यांचं स्वरूप आणि मांडणीचा आशय राखावा, जतनासाठी किंवा सुरक्षेसाठी बदल करावा लागला तर विश्वस्तांनी कारण लिहून ठेवावं आणि आधीच्या स्थितीची नोंद करावी. दुसरं कलम विकण्याबद्दल: संग्रहातलं काहीही विकलं तर ती रक्कम संग्रहासाठीच वापरायची, छपरासाठी किंवा पगारासाठी नाही. विश्वस्त सात, त्यात कुटुंबाचे तीनच. या आकड्यावर दोन महिने वाद झाला. कुटुंबाला बहुमत हवं होतं. बाहेरून देणगी मागायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतील, असं सांगितल्यावर ते तयार झाले.

## निर्णय दुसरा: भिंती मोकळ्या करणं

ही पहिली चूक माझी.

दुरुस्तीआधी चित्रं उतरवून सुरक्षित जागी ठेवायची होती. प्रत्येक चित्राचा पुढून-मागून फोटो, माप, क्रमांक, स्थितीची नोंद असं सगळं व्यवस्थित केलं. तीन आठवड्यांत ९६ टांगलेली चित्रं उतरली. त्याच तीन आठवड्यांत आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं आणि ती भाचीकडे राहायला गेली होती. आम्हाला ते सोयीचं वाटलं: तिला धूळ नको.

ती परत आली तेव्हा दिवाणखान्याला पांढरा रंग देऊन झाला होता. ती दारात उभी राहिली. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग विचारलं, “आता ती परत लावताना कुठे लावणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही चित्रांचे फोटो काढले होते, भिंतींचे नाही. कोणतं चित्र कोणत्या खोलीत होतं हे लिहिलं होतं. कोणत्या चित्राशेजारी कोणतं, किती उंचीवर, हे नाही. आणि ही मांडणी काही सहज झालेली नव्हती. आत्या सांगत गेली तसं कळत गेलं: जिन्यातली चार चित्रं खालून वर जाताना सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशी होती. दोन भांडलेल्या चित्रकारांची चित्रं आजोबांनी मुद्दाम समोरासमोर लावली होती, की दोघं आले तर एकमेकांच्या चित्राकडे बघत बसावं लागेल. एक छोटं रेखाटन इतकं खाली होतं की ते फक्त मुलांना दिसावं.

पुढच्या खोल्यांचा रंग त्याच दिवशी थांबवला. तिथल्या भिंतींवर आम्हाला जे हवं होतं ते अजून शिल्लक होतं. भिंती हिरव्या चुन्याच्या रंगाच्या, उजेडानं विटलेल्या. चित्रांमागे मात्र मूळ गडद हिरवा रंग तसाच राहिला होता. प्रत्येक चित्राचा एक गडद चौकोन. चित्रांची मापं आमच्याकडे होती. मग आठ दिवस आम्ही पुठ्ठ्याचे कापलेले चौकोन घेऊन भिंती जुळवत होतो. माप जुळलं की खिळ्याची उंची, चौकटीच्या मागच्या दोरीचा ताण, मग आत्या. ती मागे खुर्चीत बसायची. “हो,” किंवा “नाही, ते तिकडचं.” ज्या खोल्यांना हात लागला नव्हता तिथली सगळी, म्हणजे ६५ चित्रं, अशी बसली. रंगवलेल्या दिवाणखान्यातली ३१ होती. त्यातली ६ आत्याला नक्की आठवली. उरलेल्या २५ची जागा आता कोणालाच सांगता येणार नाही.

दिवाणखाना आम्ही आमच्या अंदाजानं मांडला नाही. तिथे कच्च्या प्रतींचं बदलतं प्रदर्शन ठेवलं, आणि दाराशी पाटी लावली की ही मांडणी नवी आहे, जुनी नोंद दुरुस्तीच्या वेळी हरवली.

## निर्णय तिसरा: शिळा कुठे ठेवायच्या

हा निर्णय लवकर झाला आणि चांगला झाला. भावंडांची कल्पना दुसऱ्या मजल्यावर शिळाछापाची खोली करायची होती, कारण तिथे उजेड छान. अभियंत्यानं एका शिळेचं माप घेतलं: लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ५०, जाडी ८. वजन साठ किलोच्या वर. अशा ४३ शिळा म्हणजे अडीच टनांहून जास्त, आणि फळ्यांच्या मांडणीवर रचल्या तर सगळा भार चार चौरस मीटरवर. राहत्या घराची जमीन साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबानं धरतात. इथे भार तिप्पट झाला असता, आणि वर माणसं. आजोबांनी छापखाना तळमजल्यावर ठेवला तो काही उगाच नाही. शिळा तिथेच राहिल्या.

याच हिशेबातून वरच्या मजल्यावर एका वेळी १२ माणसं हा नियम निघाला. जिना एकच, तोही लाकडी; आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट नाही. मागच्या बाजूनं लोखंडी जिना बसवेपर्यंत दुसरा मजला लोकांसाठी बंदच ठेवला. घराचं रूप बिघडतं म्हणून त्या लोखंडी जिन्याला कुटुंबात विरोध होता. यावर तडजोड होऊ शकत नाही, एवढंच मी म्हणाले आणि विश्वस्तांनी ते ऐकलं.

## निर्णय चौथा: हवा

ही दुसरी चूक, आणि हिनं सगळ्यात जास्त नुकसान केलं.

चित्रांना स्थिर हवा हवी म्हणून पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत वातानुकूलन बसवलं. खिडक्या आतून बंद करून सांधे भरले. देखरेखीचा खर्च जास्त म्हणून यंत्र फक्त लोक येण्याच्या वेळेत, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, चालवायचं ठरलं. आराखड्यावर माझी सही आहे.

पहिल्या पावसाळ्यात खोलीत ठेवलेल्या नोंदयंत्रानं दर पंधरा मिनिटांची आर्द्रता लिहिली. महिन्याअखेरीस आलेख काढला तर तो करवतीच्या दात्यांसारखा होता: दिवसा ४८ टक्के, रात्री यंत्र बंद झालं की भिंतींतली ओल बाहेर येऊन पहाटे ७८. रोज. खिडक्या बंद असल्यामुळे ती ओल बाहेर जायला वाट नव्हती. त्यात तळाच्या भिंतीला काही वर्षांपूर्वी कुटुंबानं सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही. ती वर चढते आणि जिथे चुना लागतो तिथे बाहेर पडते. बरोबर त्या रेषेवर लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटला होता, पोपडे येत होते, आणि त्याच उंचीवर बाहेरच्या भिंतीला चिकटून चित्रं टांगलेली होती.

एका तैलचित्राचा खालचा डावा कोपरा सैल झालेला दिसला म्हणून ते उतरवलं. पुढून काहीच नव्हतं. उलटं केलं तर कॅनव्हासच्या मागे पांढरी मऊ लव, चौकटीच्या लाकडाला धरून, तळहाताएवढी. मग सगळीच उतरवली. अकरा चित्रांना बुरशी लागली होती. त्यातली दोन जलरंगाची. त्यांच्यावरचे तपकिरी ठिपके आता जाणार नाहीत.

त्यानंतर आम्ही उलट दिशेनं गेलो. वातानुकूलन बंद केलं. तळाचा सिमेंटचा गिलावा काढून पुन्हा चुना केला. छपराचं पाणी भिंतीशी पडत होतं ते पन्हळ बदलून लांब नेलं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानंच पडला. खिडक्या उघडल्या, त्यांना जाळी आणि उजेड अडवणारे पडदे लावले. उघडायच्या-लावायच्या वेळा आत्यानं सांगितल्या, आम्ही त्या लिहून काढल्या आणि तोच नियम केला. बाहेरच्या भिंतींवरच्या प्रत्येक चित्रामागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, म्हणजे मागून हवा खेळते, आणि चौकटीला मागून पाठफळी बसवली, म्हणजे हवेतला बदल कॅनव्हासपर्यंत हळू पोचतो. खर्च नगण्य.

कागदावरची कामं या घरात कायम टांगायची नाहीत, असंही ठरलं. मागच्या अंगणात एक छोटी नवी खोली बांधली, खिडकी नसलेली, आणि यंत्रं फक्त तिथे, चोवीस तास. कागद तिथे सपाट कपाटांत असतो. दिवाणखान्यात एका वेळी वीसच कामं, चार महिने, उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आत. मग त्यांना किमान दोन वर्षं अंधार. उजेडाचं नुकसान साठत जातं. ५०० लक्सचा एक तास आणि ५० लक्सचे दहा तास कागदाला सारखेच.

## मालकीचा प्रश्न पुन्हा

न्यास झाला तेव्हा घर न्यासाच्या नावावर झालं. चित्रं मात्र पाचही भावंडांनी एकेका पानाच्या पत्रावर ‘ठेव म्हणून’ दिली. कागदपत्रं नंतर नीट करू, आधी छप्पर, असं ठरलं होतं.

संग्रहालय उघडून दोन वर्षं झाल्यावर बाहेरच्या एका भाच्याला पैशाची खरी गरज पडली आणि त्यानं तीन चित्रं परत मागितली. त्याचा हक्क होता. त्या तिन्हींपैकी एक जिन्यातलं होतं: दुपार. भावंडांत वर्षभर बोलणं बंद झालं. शेवटी त्यानं दोन चित्रं नेली, आणि जिन्यातलं चित्र बाकीच्या चौघांनी मिळून घेऊन न्यासाला दान केलं. त्यानंतर सगळ्यांची बक्षीसपत्रं किंवा २५ वर्षांचे करार झाले. परत हवं असेल तर दोन वर्षांची आगाऊ सूचना, आणि विकायचं असेल तर पहिला प्रस्ताव न्यासाला. जे पत्र अर्ध्या तासात लिहिलं होतं, ते त्याच वेळी वकिलासमोर बसून लिहायला हवं होतं.

## निष्पत्ती

आज संग्रहालय आठवड्यातले चार दिवस उघडं असतं, दिवसाला तीन गट. मोठ्या खोलीतला आलेख पावसाळ्यातही आता ५५ ते ६५च्या मध्ये राहतो. पुस्तकी आदर्शापेक्षा हे जास्त आहे, पण तो हळू बदलतो, आणि नवीन बुरशी दिसलेली नाही. अकरापैकी नऊ चित्रं साफ होऊन परत लागली. घराबाहेर गेलेली दोन चित्रं सोडली तर संग्रह एकत्र आहे.

पैशाची गाडी अजून रुळावर नाही. तिकिटातून वीज आणि साफसफाई निघते. पगार देणग्यांवर चालतात. खर्च कायम भागेल एवढा निधी उभा करून मगच दार उघडायचं, हा सल्ला मी दिला होता. तो मानला गेला नाही आणि मीही पुरेसा लावून धरला नाही. संग्रहपाल एकच आहे. तो रजेवर गेला की खिडक्या आत्या बघते.

## पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी दोन गोष्टी करेन. प्रत्येक खोलीत नोंदयंत्र ठेवून वर्षभर, सगळे ऋतू, फक्त मोजेन. कोणत्याही यंत्राचा आराखडा त्याआधी बघणारसुद्धा नाही. आणि एकही खिळा काढण्याआधी घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला प्रत्येक भिंतीसमोर बसवून बोलणं ध्वनिमुद्रित करेन. आत्याकडून आम्ही आता ते करतो आहोत, आठवड्याला एक तास. तिनं सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या कुठल्याही कागदावर नव्हत्या.

वातानुकूलनाच्या बाबतीत माझ्याच क्षेत्रातल्या काहींचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते चूक यंत्राची नव्हती, ते रात्री बंद करण्याची होती. यात तथ्य आहे. पण चोवीस तास चालवलं असतं तरी भिंतीतली ओल कुठेतरी बाहेर पडलीच असती, आणि वीज गेल्याच्या प्रत्येक रात्री तोच आलेख आला असता. या घरासाठी मी ते पुन्हा सुचवणार नाही.

एक निर्णय अजून व्हायचा आहे. आत्याच्या नंतर मागच्या तीन खोल्यांचं काय? दोन विश्वस्तांना त्या तशाच ठेवून लोकांना दाखवायच्या आहेत, फ्रिकच्या घरात २०२५ साली राहण्याचा वरचा मजला खुला केला तसं. आत्याचा याला नकार आहे आणि तिनं तो लिहून दिला आहे: पलंग, कपाट, देवघर कोणाला दाखवायचं नाही, खोल्या शिळाछाप शिकायला येणाऱ्या मुलांना राहायला द्याव्यात. न्यासाच्या पुढच्या बैठकीत हा विषय आहे. माझं मत मी आधीच लेखी दिलं आहे, आत्याच्या बाजूनं.